सकाळची नोंद, संध्याकाळची नोंद

आपली चोरी लपवायला गेलेल्या माणसाला त्याच जागी दुसऱ्याची चोरी सापडावी, आणि तो दुसरा म्हणजे आपलीच बायको निघावी, अशी गोष्ट हवामानकाकांनी स्वतः रचली असती तर इमारतीतल्या पोरांनी "काका, आज जरा जास्तच झालं" म्हणून त्यांना उठवून लावलं असतं. पण ती घडली. सकाळी साडेसातला, इमारतीच्या मागच्या अंगाला, जिथे कचऱ्याच्या तीन पेट्या भिंतीला टेकून उभ्या असतात आणि पहिल्या पेटीच्या झाकणावर एक लठ्ठ मांजर मालकिणीच्या थाटात बसलेली असते. काकांच्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं होतं. पुडक्यात उकडलेली कोंबडी आणि मऊ भात, बोटांनी कुस्करलेला, थंडगार, जसाच्या तसा. जिन्यात कुणी नाही, खिडकीत कुणी नाही, असं बघून त्यांनी मधल्या पेटीचं झाकण उचललं, तर अगदी वरच एक दुसरं पुडकं उसवून पडलेलं. त्याचा कागद तपकिरी, जाडसर, कपडे बेतायचा. त्यावर लाल पेन्सिलीची वळणदार रेघ आणि रेघेला लागून बायकोच्या अक्षरात 'डावी बाही'. बाहीच्या आत दोन उकडलेली अंडी आणि कलेजीचे बारीक तुकडे, एकाही तुकड्याला दात न लागलेले. आणि काल संध्याकाळी साडेसहाला, ह्याच अक्षरात, ढगोबाच्या, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या, वहीत लिहिलेलं होतं: 'सगळं खाल्लं. वाटी चाटूनपुसून लख्ख.'

ते 'चाटूनपुसून लख्ख' काकांच्या फार वर्मी बसलं. नुसती थाप मारू नये, तिला शेपूट लावावं. लोक शेपटाकडे बघत राहतात आणि थाप हळूच निसटून जाते, ही विद्या त्यांचीच. आज पहाटे उठून त्यांनी ती ओळ वाचली होती, आणि जन्मभर दुसऱ्यांना शेपटाकडे बघायला लावणारा हा गृहस्थ स्वतः शेपटाकडे बघत, खुशीत, चहात दोन बिस्किटं जास्त बुडवून बसला होता. चला, सकाळी तोंड फिरवत असला तरी संध्याकाळी तरी खातोय. अर्धा दिवस तरी बरा जातोय बिचाऱ्याचा. अर्धा दिवस म्हणजे काही कमी नाही. ह्या वयात आपलाही कुठे अख्खा जातो?

त्यांनी आपलं पुडकं तिच्या पुडक्याशेजारी ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मांजरीनं एक डोळा उघडून दोन्ही पुडक्यांकडे पाहिलं आणि ह्या घरची माणसं हल्ली आपल्यावर फारच मेहेरबान आहेत अशा चेहऱ्यानं तो पुन्हा मिटला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत बावन्न पायऱ्या. छत्तीस वर्षं वेधशाळेत वारा, पाऊस, उष्मा मोजलेल्या माणसाला पायऱ्या मोजायला कुणी सांगावं लागत नाही. सव्विसाव्या पायरीशी काका बसले. तिथे भिंतीत एक जाळीचं भोक आहे, त्यातून सकाळचं ऊन चौकोनाचौकोनानं जिन्यात पडतं, आणि बरोबर त्या उन्हात ढगोबा मागची दोन वर्षं चढताना थांबायचा. दमलो म्हणून थांबलो असं दाखवायचा नाही. काहीतरी वास लागलाय, जरा चौकशी करतोय, असा आव आणायचा. काकाही मग त्याच्याबरोबर भिंत हुंगल्यासारखं करायचे. दोघांच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यानं खाली उतरणं सोडल्याला आता महिना झाला, पण कोपऱ्यात अजून त्याचे राखाडी केस होते, झाडूला दाद न देणारे. काकांनी त्यातला एक उचलला, उन्हात धरला, आणि कुठे ठेवायचा ते न कळून सदऱ्याच्या खिशात टाकला.

ह्या माणसाच्या तोंडावर कुणी कधी विश्वास ठेवला नव्हता. एके वर्षी अशी थंडी पडली की तापमापकातला पारा खालच्या भोकातून बाहेर पडून शेगडीशी येऊन बसला; त्याची समजूत घालून परत चढवावं लागलं. एकदा असं वारं सुटलं की समोरच्या घरातलं भांडण उडून आमच्या घरात आलं आणि आम्हा दोघांना ते विनाकारण तासभर भांडावं लागलं. इमारतीतली पोरं त्यांना तोंडावर थापाडे म्हणायची आणि रोज नवी थाप मागायची. पण लिहिलेल्या अक्षराला मात्र त्यांनी कधी बट्टा लागू दिला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या निरीक्षकांनी त्यांना तापमापक ठेवतात त्या झडपांच्या पांढऱ्या पेटीसमोर उभं केलं होतं. "तोंडानं काय वाटेल ते बोल," ते म्हणाले होते. "पेनानं नाही. चुकली वेळ तर रकाना रिकामा ठेव. अंदाजानं भरलास तर तुला ह्याच पेटीत बंद करीन." आणि पारा वाचताना आधी दशांश वाचायचा, मग अंश, कारण तू जवळ उभा राहिलास की तुझ्या अंगाची ऊब, तुझा श्वास काचेला लागतो, पारा हलतो, आणि आधी हलतो तो बारका आकडा. म्हणजे जे पटकन बदलणार ते आधी टिपायचं. काकांनी हे छत्तीस वर्षं पाळलं. एका सहकाऱ्यानं एकदा घरी झोपा काढून 'पाऊस नाही' असं लिहून पाठवलं, तर साहेब भिजलेल्या छत्रीनिशी दारात उभे. त्या गोष्टीवर काका इतके हसायचे की डोळ्यांत पाणी यायचं. त्या हसण्यात तुच्छता होती. लेखी खोटं बोलणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी माणसातून उठलेला.

असा हा माणूस गेले एकोणचाळीस दिवस रोज सकाळी सहा पन्नासला पेनानं खोटं लिहीत होता.

वही डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली. तरुण बाई, बोलायला सरळ, नखं अगदी मुळाशी कापलेली. मागच्या उजव्या पायाच्या हाडात गाठ आहे, त्यांनी सांगितलं, कापून उपयोग नाही, हृदय ते सोसणार नाही. दुखणं कमी करायला गोळ्या देते, पण पुढे त्या पुऱ्या पडणार नाहीत. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "रोज एकच लिहा. आजचा दिवस त्याला बरा गेला का वाईट. खाल्लं का, उठला का, शांत झोपला का. ज्या आठवड्यात वाईट दिवस जास्त होतील त्या आठवड्यात मला फोन करा. तेव्हा ठरवायला बसलात तर ठरवता येणार नाही, म्हणून आत्ताच ठरवून टाकू. भांडायचं असेल तर वहीशी भांडा." काकांना हे इतकं पटलं की घरी येताना त्यांनी नवी जाड पुठ्ठ्याची वही घेतली आणि जेवायच्या आधी रकाने आखले. नुसता दिवस म्हणजे काय? दिवसाला दोन वेळा हव्यात आणि दोन निरीक्षक हवेत. सकाळची नोंद माझी, संध्याकाळची तुझी. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची सांभाळेल. बायकोनं शिवणयंत्रावरून मान वर न करता ढगोबाला सांगितलं, "ऐकलंस ना रे? तुझी आता वेधशाळा होणार."

काकांना नव्हे, ढगोबाला सांगितलं. ह्या घरात गेली तेरा वर्षं हेच चालत आलं होतं, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चमत्कारिक आहे हे पाहुण्यांनाच दिसायचं. मुलगी शिकून परदेशी गेली. जायच्या आधी थोडी रडारड, थोडं भांडण, मग विमान. आणि मग घर असं गप्प झालं की नळाची वाहती धारसुद्धा चोरट्यासारखी वाटायची. बायको बोलायची नाही असं नाही. 'पाणी आलंय', 'दार लावा', 'ह्या बाजूची इस्त्री राहिली' एवढं बोलायची. पण त्या शब्दांना मागे खोली नव्हती. काका नव्या नव्या थापा घेऊन घरी येत, त्या चपलांशेजारी काढून ठेवल्यासारख्या दारातच राहत. दोन महिने. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पिशवीतून एक राखाडी गोळा आणून तिच्या मांडीवर ठेवला. हे पिल्लू कुठून आणलं ह्याच्या त्यांच्याजवळ सतरा गोष्टी होत्या. वावटळीनं उडवून पर्जन्यमापकात आणून टाकलं, ही त्यातली सगळ्यात साधी. खरी गोष्ट त्यांनी कुणाला कधी सांगितली नाही. ती अशी की ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुट्टी टाकून, चार ठिकाणी हिंडले होते, आणि प्रत्येक पिल्लाला हातात घेऊन हे हिला बोलायला लावील का, एवढंच बघत होते. बायकोनं त्या गोळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काय रे, तुला ह्यांनी फसवून आणलं का? मलाही असंच आणलं होतं." तेव्हापासून सगळं ढगोबाच्या कानावरून. 'ढगोबा, सांग तुझ्या बाबांना, चष्मा डोक्यावर आहे.' 'ढगोबा, तुझ्या आईला म्हणावं, आज भाजीत मीठ आहे, कालचं धरून.' रुसवे, माफ्या, मुलीची आठवण, काकांच्या छातीतली कळ, बायकोच्या बहिणीचं जाणं, सगळं त्या दोन लोंबत्या कानांतून गेलं. पुढे तो बहिरा झाला तरी गेलं. टपाल चालू राहिलं, पेटीचं तोंड बुजलं तरी.

म्हणून पहिलं खोटं. सहाव्या दिवशी त्यानं सकाळी वाटीकडे पाहिलं आणि मान पलीकडे ठेवली. दुखऱ्या माणसानं जेवण नको म्हणावं तसं नव्हतं ते. पाहुण्यानं, यजमानाला वाईट वाटू नये म्हणून, हळूच ताट सरकवावं तसं होतं. काका वही घेऊन बसले. आत बायको उठली होती. तिच्या पावलांचा आवाज आला आणि दारातून तिनं विचारलं, "खाल्लंस का रे सोन्या?" विचारलं त्यालाच. पण त्या प्रश्नाच्या पोटात काय होतं ते काकांना ऐकू आलं. नाही म्हटलं की ह्या घरात पुन्हा नळाची धार ऐकू येणार होती. त्यांनी लिहिलं, 'खाल्लं'. मग अक्षर फार उघडंनागडं दिसलं म्हणून पुढे शेपूट लावलं: 'आणखी मागितलं'.

आणि संध्याकाळी तिची नोंद वाचली: 'खाल्लं. गॅलरीपर्यंत चालला.' वाचून त्यांना काय बरं वाटलं होतं! म्हणजे आपण लिहिलं ते अगदीच खोटं नाही. थोडं वेळेचं इकडेतिकडे झालं, एवढंच. सकाळी नाही, संध्याकाळी खाल्लं. माणसाचंसुद्धा असतं तसं. हिच्या हातून खात असेल. बायकांच्या हाताला असतं काहीतरी. ह्या भरवशावर त्यांनी एकोणचाळीस दिवस काढले. आठवड्याला फोनवर डॉक्टरीणबाईंना नोंदी वाचून दाखवल्या, छान आवाज लावून. मागच्या रविवारी मुलीनं पडद्यावर त्याला पाहिलं. "बाबा, ह्याला ठेवलंय कुणासाठी?" तिनं विचारलं. "अगं, त्यानं यमाला चावा घेतलाय, यम इंजेक्शनं घेतोय, तो बरा होईपर्यंत," काका म्हणाले. मुलगी हसली नाही. "हसवू नका ना बाबा," म्हणाली, आणि तिकडून बंद झालं.

जिन्यातलं ऊन एक पायरी खाली सरकलं. काकांनी कठडा धरला आणि उठले. उरलेल्या सव्वीस पायऱ्यांवर एकच गोष्ट डोक्यात घुमत होती, गिरणीसारखी. तिच्या बऱ्या संध्याकाळी नव्हत्याच तर मग काय होतं? माझ्या सकाळी नव्हत्या. मग त्या प्राण्याला काय होतं? चोवीस तासांतला कोणता तास बरा होता?

ढगोबा दाराच्या आतल्या बाजूला, पायपुसण्यावर होता. त्याची गादी खोलीच्या कोपऱ्यात होती, बायकोनं जुन्या कोटांचं अस्तर घालून शिवलेली, पण आठवडाभर तो इथेच पडायचा. बाहेर जाणाऱ्याला ओलांडून जावं लागे. काका दारात गुडघ्यांवर बसले. आधी दशांश, त्यांनी स्वतःला सांगितलं. आधी बारकं बघ, तुझ्या जवळ येण्यानं हलायच्या आत. मिशा. एकही हलत नव्हती. नाक कोरडं, कडेला पापुद्रे. जीभ एका बाजूनं बाहेर, टोकाला सुकलेली. खोली गार होती, अंगावर सदरा असून काकांना गारवा लागत होता, आणि हा भर उन्हातून धावून आल्यासारखा धापा टाकत होता. डोळे उघडे. झोपेतले नव्हेत. तो झोपलेला नव्हता. तो पडून, अगदी न हलता, काहीतरी सांभाळत होता. काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चालणाऱ्या माणसासारखा. मग त्याला काकांचा वास लागला. शेपूट एकदा जमिनीवर आपटलं, आणि त्या एका आपटण्याचा धक्का पाठीतून दुखऱ्या पायापर्यंत गेलेला काकांना दिसला. ओठ मागे ओढले गेले. तरी त्यानं दुसऱ्यांदा आपटलं.

तोही लिहीत होता तर. आमच्यासाठी. 'चाटूनपुसून लख्ख.'

बायको यंत्रावर होती. परक्याच्या सदऱ्याला बाही लावत होती. काका समोरच्या स्टुलावर बसले आणि वही मांडीवर ठेवली. यंत्राचा आवाज चालू राहिला. तो संपेपर्यंत थांबावं असं त्यांना वाटलं, मग वाटलं तो कधीच न संपो.

"उजवी का डावी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"बाही. डावीचा कागद खाली पडलाय. मधल्या पेटीत."

यंत्र थांबलं. तिनं सुईखालचं कापड तसंच ठेवलं, पायही यंत्राच्या पायपट्टीवरून काढला नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा खोटं सापडलेल्या मुलीसारखी ती दिसली, आणि काकांना एकदम हसू फुटलं, नको तेव्हा, नाकातून.

"तुम्ही कचऱ्यात हात घालायला कधीपासून लागलात?" ती म्हणाली.

"हात घातला नाही. माझं टाकायला गेलो होतो."

"तुमचं काय?"

काकांनी मांडीवरची वही सरळ केली. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ती हळूहळू हिशेब लावतेय हे त्यांना दिसत होतं, आणि तो लागायच्या आत आपण उठून तिच्या डोळ्यांवर हात ठेवावा असं वाटलं.

"सकाळी खातो ना तो?" तिनं विचारलं.

काकांनी वहीवर दोन्ही हात पालथे ठेवले.

"अहो. माझ्यापाशी नाही खात, मला माहीत आहे. जीभ लावत नाही. मी म्हटलं, सकाळी तुमच्या हातचं खाल्लेलं असतं म्हणून संध्याकाळी भूक नसेल. तुम्ही लिहिता ना. तुम्ही लिहिलंय. मी रोज वाचते." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला, दोरा ओवताना होतो तसा. "आणखी मागितलं असं लिहिलंय तुम्ही. तुम्ही तर खोटं लिहीत नाही. सकाळी खातो ना? सांगा ना."

"नाही गं," काका म्हणाले.

तिनं दाराकडे पाहिलं. सवयीनं तोंड उघडलं, "ढगोबा, सांग ह्यांना..." आणि पुढे काहीच आलं नाही. कुत्रं धापा टाकत होतं. तेवढाच आवाज. मग तिनं मान वळवली आणि काकांकडे पाहिलं, सरळ, मध्ये कुणी नसताना. काकांना त्या नजरेची इतकी सवय नव्हती की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"सहावा दिवस. तू?"

"चौथा."

"तू का?"

"तुम्ही गप्प व्हाल म्हणून." तिनं पदर चाचपला, उगाच. "तुम्ही त्याच्याशी बोलता म्हणून मला ऐकायला मिळतं. माझ्याशी काय, तुम्ही नुसत्या थापा मारता. त्याच्याशी बोलता तेव्हा खरं बोलता. मागे छातीत दुखलं तेव्हा त्यालाच सांगितलंत. मी भांडी घासत ऐकत होते."

काकांना वाटलं होतं ती गप्प होईल. तिला वाटलं होतं ते गप्प होतील. दोघांनी एकमेकांच्या तोंडची भीती त्या प्राण्याच्या हाडात भरली होती आणि वर झाकण लावून वहीत सही केली होती. त्यांनी वही उघडली. तिनं यंत्राच्या खणातलं खोडरबर पुढे केलं.

"खोडायचं नसतं," काका म्हणाले. "एक रेघ मारायची आणि वर खरं लिहायचं. खालचं वाचता आलं पाहिजे."

"खालचं कशाला वाचायचं आता?"

"वाचायचं."

ते तारीख म्हणत, ती आठवून सांगे. दहावा दिवस. नाही खाल्लं, गोळीबरोबर चमच्यानं पाजलेलं दूध तेवढं पोटात, रोजच्यासारखं. अकरावा. नाही. तेरावा. गॅलरीपर्यंत गेला लिहिलंय, "मी नेलं होतं, पट्टीवर उचलून." जुन्या पँटचे पाय कापून तिनं त्याच्या कमरेखालून घ्यायची पट्टी शिवली होती, मऊ फडक्याचं अस्तर लावून. पंधरावा, सोळावा. एका दिवशी तिनं हट्ट धरला: "नाही, विसाव्या दिवशी खरंच खाल्लं त्यानं. अर्धं बिस्कीट. शपथ." काकांनी ती नोंद तशीच ठेवली. एकोणचाळीस दिवसांत आपणहून खाल्लेलं एक अर्धं बिस्कीट. रेघा मारता मारता पानं अशी दिसू लागली की जणू सगळ्या वहीला टाके घातलेत. शेवटच्या ओळीशी पोचल्यावर दोघंही त्या पानाकडे बघत बसले. मग तिनं यंत्राच्या सुईखालून अर्धवट बाही काढली, घडी घातली, आणि म्हणाली, "चारला असतात त्या. मी फोन करते. तुम्ही नका करू, तुमचा आवाज छान लागतो."

दुपारी काही शिजलं नाही. काका पायपुसण्याशेजारी फरशीवर आडवे झाले, तोंड कुत्र्याच्या तोंडासमोर, आणि त्याच्या आंबूस, गरम श्वासात पडून राहिले. सांगायचं पुष्कळ होतं, आणि आत कान लावून बसलेलं माणूस आहे हे आता ठाऊक झालं होतं, त्यामुळे बोलणं होईना. साडेतीनला दोघांनी पट्टी त्याच्या पोटाखालून घेतली. बावन्न पायऱ्या. एका बाजूला ते, एका बाजूला ती, मध्ये तो, पुढचे पाय प्रामाणिकपणे प्रत्येक पायरीवर टेकवत, चालल्यासारखं करत. पहिल्या मजल्यावर पेन्शनीतला पोस्टमन दारात उभा होता. "वा, काका! आज स्वारी माणसांच्या गाडीतून! कुठे दौरा?" एरवी काकांनी त्याला दहा मिनिटं दौरा ऐकवला असता, राजेरजवाड्यांसकट. "डॉक्टरकडे," ते म्हणाले. पोस्टमननं जन्मभर घरोघरी तारा वाटल्या होत्या. त्यानं चटकन खाली वाकून कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, दार लोटून घेतलं, आणि मग पुन्हा उघडून त्यांच्यासाठी खालचं फाटक धरायला धावला.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर घेतलं नाही. जमिनीवर जाड सतरंजी अंथरली होती, त्याही तिथेच मांडी घालून बसल्या. वहीची पानं त्यांनी उलटली. रेघा पाहिल्या. एकेका रेघेखालचंही वाचलं.

"तुम्हाला संशय आला नाही?" काकांनी विचारलं. त्यात थोडी तक्रार होती.

"आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही फोनवर इतकं छान सांगायचात," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून बाजूला ठेवली. "चुकलं माझं. यायला हवं होतं बघायला." मग त्यांनी दोन सुया दाखवल्या. पहिली नुसती झोपेची. दुखणं थांबेल, गाढ झोपेल. मग जेवढा वेळ हवा तेवढा घ्या. दुसरी तुम्ही सांगाल तेव्हा.

पहिली सुई गेली तेव्हा त्याला कळलंही नाही. डोकं बायकोच्या मांडीवर, काकांचा हात बरगड्यांवर. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग धापा लांबल्या, एकेक करून सुटल्या, जीभ आत गेली. खांदे उतरले. आणि मग ते झालं, ज्याची काकांनी काहीच तयारी केलेली नव्हती. तो दुखरा पाय, जो महिनाभर पोटाशी आवळलेला होता, जो झोपेतही त्यानं कधी सोडला नव्हता, तो हळूहळू सरळ झाला. लांब, ऐसपैस, पंज्यापर्यंत, बोटं फाकवून. उन्हात पसरलेल्या पिल्लासारखा. कपाळावरची सुरकुती गेली. मिशा हलल्या. त्यानं एक मोठा, समाधानाचा सुस्कारा टाकला, जेवून लवंडलेल्या माणसाचा असतो तसा, आणि घोरू लागला.

"अगं बाई," बायको म्हणाली. तिचा सगळा चेहरा उजळला होता. "बघा तरी किती छान झोपलाय! अहो, बघा ना. किती दिवसांनी." तिनं त्या पायावर हात फिरवला, टाचेपर्यंत, आणि तो ओढून घेतला गेला नाही. "दुखत नाहीये त्याला. डॉक्टर, हा बरा दिसतोय हो. असंच झोपेचं देता आलं तर? रोज थोडं थोडं? आम्ही नेतो घरी. आम्ही दोघं बसू आळीपाळीनं."

डॉक्टरीणबाई काकांकडे बघत होत्या. बायकोही बघत होती, सरळ. तिला फक्त एक शेपूट हवं होतं. एवढंसं. त्यांच्या जिभेवर तयार होतं. अशी शेपटं त्यांच्याकडे पोत्यानं होती. आणि तो खरोखरच बरा दिसत होता. इतका बरा तो वर्षभरात दिसला नव्हता. हाच कुत्रा होता, जो त्यांनी पिशवीतून आणला होता. इतके दिवस दुसराच कुणी घरात होता आणि हा आत्ता परत आला होता. त्याला उठवून, पट्टी घालून, बावन्न पायऱ्या चढवून घरी न्यायचं, आणि तो जागा होईल.

"तो झोपलाय म्हणून बरा दिसतोय गं," काका म्हणाले. "जागा झाला की पाय परत वर घेईल."

 तिचा हात तसाच पायावर होता. बोटं तेवढी पंज्याच्या बोटांत शिरली.

"द्या," काका म्हणाले. आवाज अजिबात छान लागला नाही.

डॉक्टरीणबाई पुढे सरकल्या. काकांनी सुईकडे पाहिलं नाही. बरगड्यांवरच्या तळहाताकडे पाहत राहिले. तळहात वर यायचा, खाली जायचा. घोरण्याचा आवाज थांबला, पण तळहात वर आला, खाली गेला. वर आला. खाली गेला. मग ते त्याच्या वर येण्याची वाट बघत राहिले. बाहेरच्या खोलीत कुणाची तरी मांजर टोपलीत ओरडत होती आणि कुणीतरी तिला चुचकारत होतं. डॉक्टरीणबाईंनी कानाला नळ्या लावल्या, ऐकलं, नळ्या काढल्या, आणि उठून हलकेच बाहेर गेल्या.

"काढा आता हात," बऱ्याच वेळानं बायको म्हणाली.

"थांब. ऊब आहे अजून."

तिनं आपला हात त्याच्या पायावरून उचलला, काकांच्या हाताशेजारी, बरगड्यांवर ठेवला, आणि मान खाली घालून नीट, घाई न करता पाहिलं.

"आहे," ती म्हणाली.